मांडवातील न्याहारी

सण म्हटला की घराची ओढ लागावी, हा आपला सर्वसाधारण अनुभव. परंतु ज्यू धर्मात एक सण असा आहे की जो माणसाला घराबाहेर काढतो. सात दिवस पक्क्या छपराखालून निघून झावळ्यांच्या मांडवात बसावे, तेथेच अन्न घ्यावे, अशी त्या सणाची आज्ञा आहे. 'सुक्का' म्हणजे झोपडी किंवा मांडव. त्यावरून सणाचे नाव 'सुक्कोथ'. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले पूर्वज अरण्यात भटकत असता अशा खोपटांतून राहिले, त्याचे हे स्मरण. हिब्रू तिश्री महिन्याच्या पंधराव्या तिथीस, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास, हा सण सुरू होतो. पुष्कळदा ती आपली आश्विनातली पौर्णिमाच असते. २०२४ साली कोजागरी आणि सुक्कोथची पहिली रात्र १६ ऑक्टोबरला एकत्रच आली होती.

कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहून मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक हा सण पाळतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. गावात अंगण होते, नारळीची झाड होती. मांडव घालणे कठीण नव्हते. परंतु मुंबईच्या चाळीत किंवा आजच्या उंच इमारतीत मांडव घालावा कोठे? सुक्काच्या छपरावर दुसरे छप्पर चालत नाही. वर उघडे आकाश हवे. वरच्या मजल्याची गच्ची डोक्यावर असेल तर सज्ज्यातला मांडवही शास्त्रात बसत नाही. मग उरते ते प्रार्थनामंदिराचे आवार. बेने इस्राएल लोक आपल्या मंदिराला पूर्वापार 'मशीद' म्हणत आले. १७९६ साली मुंबईत उभारलेले त्यांचे पहिले मंदिर 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले गेले. अशा आवारातला एक मांडव हा ज्यांच्याकडे अंगण नाही त्या सर्वांचा मांडव होतो, आणि सकाळच्या प्रार्थनेनंतरची तेथील न्याहारी ही केवळ हौसेची गोष्ट न राहता एक गरज होते. प्रार्थनेआधी पोटभर खाऊ नये असा शिष्टाचार असल्याने मंडळी येतात ती बहुधा रिकाम्या पोटी. आणि घरी जाऊन पोळी खावी तर घरी मांडव नाही!

अशी न्याहारी योजणे दिसते तितके सोपे नसते. पहिला प्रश्न दिवसाचा. भारतात सुक्कोथचे पहिले दोन दिवस पूर्ण पाळणुकीचे. त्या दिवशी पैशाचा व्यवहार नाही, लिहिणे नाही, वाहनाने येणे नाही. स्वयंपाकाला मुभा आहे, पण नवा विस्तव पेटवता येत नाही. आदल्या दिवसापासून जळत असलेल्या ज्योतीवरूनच तो घ्यावा लागतो. आणि त्यात शनिवार आला तर तीही मुभा जाते. मधल्या दिवसांना मात्र हे निर्बंध पुष्कळ सैल असतात. म्हणून लांबून येणाऱ्या माणसांचा विचार करणारा मुकादम मधल्या दिवसांतला रविवार पाहतो. मुकादम म्हणजे मंदिराचा प्रमुख कारभारी. हिशेब पाहणारा तो गबाई, प्रार्थना चालविणारा तो हजान, आणि व्यवस्था ठेवणारा तो शमाश. कोकणच्या गावगाड्यातील शब्द आणि हिब्रू शब्द येथे एकाच चावडीवर बसलेले दिसतात.

दुसरा प्रश्न मांडवाचा. त्याचे छप्पर जमिनीतून उगवलेल्या व तोडलेल्या वस्तूंचेच हवे. तोडलेल्या नारळाच्या झावळ्या चालतात. पण त्याच झावळ्या झाडाला असताना त्यांच्याखाली बसणे चालत नाही. ऊन कमी आणि सावली अधिक, इतके ते दाट असावे. तरी रात्री चांदण्या दिसाव्यात इतके विरळही असावे. शोभेसाठी फळे टांगतात, पण ती सण संपेपर्यंत खाण्यासाठी काढत नाहीत. तेव्हा न्याहारीच्या फळांत त्यांची गणती करू नये. परतीच्या पावसाची भीती कोकणात असतेच. अन्न नासेल इतका पाऊस आला तर मांडवात बसण्याचे बंधन सुटते. म्हणून आतल्या दालनात बैठकीची सोय आधीच करून ठेवणे शहाणपणाचे.

तिसरा प्रश्न पाकशाळेचा. मांस व दूध एकत्र करू नये, हा ज्यू आहारशास्त्राचा एक मुख्य दंडक. बेने इस्राएल घरांतून मटणाच्या रश्श्याला नारळाचे दूध पडते, ते चवीसाठी आणि याही कारणासाठी. न्याहारी दुधाची ठेवली की घोटाळा टळतो. मांस खाल्ल्यावर दुधासाठी काही तास थांबावे लागते. उलट दूध घेतल्यावर मांसासाठी फार थांबावे लागत नाही. तेव्हा सकाळी दुधाचा चहा पिणाऱ्याचे दुपारचे जेवण अडत नाही. मात्र ज्या पातेल्यात कधी मांस शिजले त्यात चहा ठेवायचा नाही. मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेली भांडी याच कारणाने टाळतात. रवा चाळून, कोथिंबीर धुऊन व निरखून घ्यायची, कारण किडा पोटात जाणे निषिद्ध. अंडी एकेक करून वाटीत फोडायची. रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडे बाजूला. आचारी कोणत्याही धर्माचा असो, चूल पेटविण्यात किंवा भांडे चढविण्यात ज्यू माणसाचा हात लागावा, असाही नियम आहे. एवढे सांभाळले की पोहे, उपमा, अंडी, पोळी, केळी, चहा असा बेत कोणालाही निःशंकपणे वाढता येतो. फळे आणि पाणी मांडवाबाहेर घेतले तरी चालते. पोळीला किंवा पावाला मात्र मांडवच हवा.

आता त्या सकाळचा क्रम पाहा. प्रार्थनेच्या वेळी खजुरीचा कोवळा कोंब, मर्टलची सुगंधी डहाळी, वाळुंजाची फांदी आणि महाळुंगाचे फळ हाती धरून आशीर्वचन म्हणतात. मग मंडळी मांडवात येतात. तांब्याने दोन्ही हातांवर पाणी घेतात, पोळीवर आशीर्वचन म्हणतात, आणि मांडवात बसण्याच्या आज्ञेबद्दल वेगळे आभार मानतात. न्याहारी आटोपल्यावर, तिघे एकत्र जेवले असतील तर एकाने इतरांना आवाहन करून आभारप्रार्थना सुरू करायची. दहा असतील तर त्या आवाहनात ईश्वराचे नाम येते. म्हणजे किती जण बसले होते यावर प्रार्थनेचे शब्दसुद्धा बदलतात.

ही संख्याच आज मोलाची झाली आहे. परंपरेप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर बेने इस्राएल कुटुंबे मोठ्या संख्येने तिकडे गेली. २०११च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यूंची नोंद पाच हजारांहूनही कमी झाली. १९३४ सालचे अहमदाबादचे मागेन अब्राहाम किंवा १९५६ सालचे दिल्लीचे ज्युडा हायम ही मंदिरे मूठभर कुटुंबांच्या भरवशावर उभी आहेत. अशा ठिकाणी एकत्र न्याहारी असली की येणाऱ्याला आणखी एक निमित्त मिळते. केवळ प्रार्थनेसाठी एकटा निघताना जो कचरतो, तो चार ओळखीची माणसे भेटतील म्हणून निघतो. आणि दहाची संख्या पुरी होते.

पण मांडवात आलेल्यांवरच काम संपत नाही. बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्री मैमोनिदीस यांनी बजावले आहे की, दार लावून फक्त आपल्या बायकामुलांसह सण जेवणाऱ्याचा आनंद हा धर्माचा आनंद नव्हे, तो केवळ पोटाचा आनंद. सुक्कोथच्या मांडवात रोज एका पूर्वजाला, अब्राहामापासून दाविदापर्यंत, पाहुणा म्हणून बोलावण्याची प्रथा आहे; तिच्याबरोबर गरिबाला ताट देण्याचीही शिकवण येते. मुले परदेशी गेलेली एकटी म्हातारी माणसे हे आजचे मुख्य पाहुणे होत. त्यांना आणायला कोण जाणार, जिना कोण उतरवून देणार, हे आधी ठरले पाहिजे. पोह्यांचे प्रमाण नंतर ठरविले तरी चालेल.

जो आजारी आहे त्याला, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही, शास्त्राने मांडवाच्या बंधनातून मोकळे केले आहे. म्हणून जाणता मुकादम पहिली पंगत बसण्यापूर्वीच तेवढे डबे भरून घेतो, आणि कोणता डबा कोणाच्या दारी जायचा याची यादी एखाद्या तरुणाच्या हाती देतो. सण सरल्यावर झावळ्या उतरतात, भांडी मोजून कपाटात जातात. ती यादी मात्र मुकादमाने जपून ठेवावी. पुढच्या वर्षी मांडव घालताना प्रथम तीच लागणार असते.