जीडीपीच्या वहीत नसलेला तलाव

सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजेच जीडीपी, या आकड्याला नावे ठेवण्याची अलीकडे रीतच पडली आहे. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला त्या सुरात सूर मिसळता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांमध्ये कराचा वाटा विभागताना ४५ टक्के भार उत्पन्नातील अंतराला दिला आणि ते अंतर दरडोई सकल राज्य उत्पादनावरूनच काढले. राज्याने किती कर्ज काढावे, याची मर्यादाही सकल राज्य उत्पादनाच्या टक्केवारीत ठरते. हा आकडा नसता तर जयपूरने दिल्लीकडे आपला हक्क कशाच्या आधारे मागितला असता?

मात्र आकडा कसा वापरावा, हे आपल्या पूर्वसूरींना अधिक कळत होते. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ या वर्षासाठी ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न २० रुपये काढले. तेवढ्यावर न थांबता तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणारा खर्च त्यांनी शेजारी मांडला. तो अधिक निघाला! स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये महालनोबिस, धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या समितीने राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीला शास्त्रीय बैठक दिली. मोजणी सुधारत गेली. शेजारी दुसरा आकडा मांडण्याची दादाभाईंची सवय मात्र मागे पडली.

त्याची किंमत मी राहतो त्या जयपुरात दिसते. शहराच्या ईशान्येस सुमारे ३० किलोमीटरवर रामगढचा तलाव आहे. महाराजा सवाई माधोसिंह द्वितीय यांच्या कारकिर्दीत बांधलेल्या या तलावाने अनेक दशके जयपूरची तहान भागवली. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती येथेच झाल्या. पुढे पाणलोट क्षेत्रात अडथळे आणि अतिक्रमणे वाढली, ओढे-नाले तलावापर्यंत पोहोचेनासे झाले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तरीही गेल्या दोन दशकांत तलाव बहुतेक काळ कोरडाच आहे.

आता हिशेब पाहा. २००९ पासून जयपूरला टोंक जिल्ह्यातील, शंभरहून अधिक किलोमीटर दूरच्या बीसलपूर धरणाचे पाणी मिळू लागले. जलवाहिनी, पंप, त्यांना लागणारी वीज हे सारे उत्पादनात जमा झाले. जेथे नळ पोहोचत नाही तेथील टँकरचे भाडेही जमा झाले. मराठवाडा असो की बुंदेलखंड, हे जमाखर्च सर्वांच्या परिचयाचे आहे. टँकरची वाट पाहण्यात बायकांचे गेलेले तास कोठेच नोंदले जात नाहीत. रामगढ आटल्याची वजाबाकीही कोणत्याच रकान्यात नाही. निव्वळ उत्पादन काढताना धरणाच्या भिंतीची झीज धरता येते, पण पाणलोट मेल्याची नाही.

शेतीतही तेच. राजस्थानच्या उत्पन्नात शेती व संलग्न क्षेत्रांचा वाटा चौथ्या हिश्शाहून अधिक आहे. रब्बीतील गहू-मोहरीचा मोठा भाग भूजलावर पिकतो आणि राज्यातील भूजल उपसा वार्षिक उपलब्धतेच्या सुमारे १५० टक्के आहे. विहिरीचा तळ गाठून काढलेले पीक आणि पावसाने भरून निघणाऱ्या पाण्यावरचे पीक हिशेबात एकाच मोलाचे ठरते.

उपाय अवघड नाही. दोन्ही आकडे सरकारी कागदपत्रांत आहेतच. एक सांख्यिकी खात्याकडे, दुसरा केंद्रीय भूजल मंडळाकडे. राज्याच्या वार्षिक आर्थिक समीक्षेत वाढीचा दर ज्या पानावर छापतात, त्याच पानावर भूजलाचा उपसा छापावा. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ मध्ये राष्ट्रीय लेख्यांची जी नवी पद्धत स्वीकारली, तीत नैसर्गिक संपत्तीचा ऱ्हास निव्वळ उत्पादनातून वजा करण्याची तरतूद आहे. ती राज्यांपर्यंत उतरायला वर्षे लागतील. जयपूरच्या सांख्यिकी संचालनालयाने तोवर रामगढपासून सुरुवात करायला कोणाची हरकत असू नये.