उलटलेली कयाक सरळ करताना

आजचा विषय आमच्या गावापासून जरा लांबचा आहे. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याचा. आमच्याकडून समुद्र बघायचा तर नंदुरबारहून रेल्वेनं सुरत गाठायचं आणि मग डुमसचा किनारा. तरी आज समुद्रातल्या कयाकबद्दल बोलायचंय, आणि तेही एकाच गोष्टीबद्दल. कयाक पालथी झाली, तुम्ही डोकं खाली पाय वर असे पाण्यात लटकताय, आणि बाहेर न पडता पॅडल आणि कंबरेच्या झटक्यानं ती परत सरळ करायची. याला रोल म्हणतात.

मी पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. आजी काठावरून ओरडायची, "पानीना काय भरोसा शे रे भाऊ?" जानेवारी २०१९ मध्ये, संक्रांतीच्या दिवसांत, धडगाव तालुक्यात नर्मदेत माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली. त्यात लहान मुलंही गेली. तेव्हापासून आमच्या घरात बोटीचं नाव काढलं की आई विषय बदलते. तिथे रोलचा काही संबंध नव्हता हे उघड आहे. तिथे हवी होती ती कमी माणसं आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट. पण भीती कुठून येते हे कळावं म्हणून सांगितलं.

पुण्यात नोकरी लागल्यावर मित्रांबरोबर कोकणात कयाकिंग सुरू केलं. एकदा दुपारी खाडीच्या तोंडाशी होतो. ओहोटी लागलेली, म्हणजे खाडीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं, आणि वारा समुद्राकडून येत होता. हे दोन्ही समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. दोष सगळा माझा, भरतीचं वेळापत्रक मी बघितलंच नव्हतं. एक लाट बाजूनं आली आणि मी पालथा. कंबरेभोवतीच्या स्प्रे स्कर्टची पट्टी ओढून बाहेर पडलो, ते येत होतं. खरी गंमत पुढे. कयाकमध्ये पाणी भरलेलं, ती म्हशीसारखी जड. मित्रानं तिचं टोक उचलून पाणी काढलं, मी चढायला गेलो, परत पडलो. चौथ्या वेळी चढलो. या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली आणि किनारा चांगलाच लहान दिसायला लागला होता.

रोल येत असता तर हाच प्रकार दहा सेकंदांत संपला असता. त्याची खरी किंमत इथे आहे. तुम्ही बोटीतच राहता, बोटीत पाणी जवळपास शिरत नाही, पॅडल हातात राहतं आणि प्रवाहाला तुम्हाला ओढून न्यायला वेळच मिळत नाही.

आता हे होतं कसं? पालथं झाल्यावर पुढे वाकून पॅडल बोटीला समांतर, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणायचं. मग त्याचं पातं पाण्यावरून बाजूला फिरवायचं. पॅडलनं स्वतःला वर उचलायचं नसतं, त्याचा फक्त क्षणभर टेकू मिळतो. बोट फिरवते ती कंबर. पाण्यात असेपर्यंत तुमचं वजन पाणी झेलतं, म्हणून बोट सहज फिरते. आणि डोकं सगळ्यात शेवटी बाहेर. इथेच सगळे फसतात. जीव म्हणतो आधी श्वास, म्हणून आपण डोकं वर काढतो. डोकं जड, ते पाण्याबाहेर आलं की कंबर उलट्या दिशेला फिरते आणि आपण पुन्हा खाली. कोडमध्ये एक ओळ वरखाली झाली की प्रोग्राम कोसळतो, अगदी तसंच. मला हे डोक्यात कळायला पाच मिनिटं लागली, मानेला कळायला तीन महिने. सुरुवात पूलच्या काठाला धरून नुसत्या कंबरेच्या झटक्यानं करतात. नाकाला चिमटा लावा, नाहीतर पहिल्या दिवशी निम्मा पूल नाकात जातो.

ही विद्या ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांची. तिथलं पाणी बर्फाचं, अनेकांना पोहता येत नसे, आणि अंगातला सीलच्या कातड्याचा झगा बोटीच्या तोंडाला घट्ट बांधलेला. बाहेर पडणं म्हणजे मरण, म्हणून आत राहूनच वर यायचं. युरोपात १९२७ मध्ये हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन माणसानं ही वर्णनं वाचून रोल जमवला. व्हिडिओ नाही, कोच नाही. मला यूट्यूब असून तीन महिने लागले, असो.

पण जिनो वॉटकिन्सची गोष्टही ऐका. हा इंग्रज तरुण ग्रीनलंडमध्ये तिथल्या लोकांकडून रोल शिकला. ऑगस्ट १९३२ मध्ये तो सीलच्या शिकारीला एकटाच कयाक घेऊन गेला. कयाक रिकामी तरंगताना सापडली, तो सापडलाच नाही. वय २५. म्हणजे रोल येतो म्हणून एकट्यानं कुठेही जायची परवानगी मिळत नाही.

आपल्या कोकणात पाणी कोमट असतं, थंडीनं लगेच कोणी गारठत नाही. म्हणून काही जण म्हणतात, इथे रोलची गरज काय, पोहता येतं ना? मला हे पटत नाही. आपल्याकडे धोका वाऱ्याचा, ओहोटीचा आणि खडकांचा आहे. खडकाजवळ लाटेत पोहत बसणं आणि बोटीत बसून वल्हवत लांब जाणं यात फार फरक आहे. शिवाय एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. उलटायची भीती गेली की कंबर सैल पडते, आणि सैल कंबरेचा माणूस मुळात कमी उलटतो. ताठ बसलेल्याला लाट सरळ ढकलते.

आपल्यातला एक इंजिनिअर खूप लांब गेलाय, मुंबईचे कौस्तुभ खाडे. आयआयटी दिल्लीत शिकलेले. २०१५ मध्ये ते मुंबईहून गोव्यापर्यंत कयाकनं गेले आणि पुढे गुजरात ते कन्याकुमारी सुमारे ३,००० किलोमीटर. ते वाचूनच मी पहिल्यांदा पॅडल हातात धरलं.

एक सूचना. किनाऱ्यावर तासाच्या भाड्यानं मिळणाऱ्या कयाक बहुतेक वर बसायच्या असतात. त्यात रोल होत नाही, पडलात की परत वर चढायचं. ते आधी शिका. मित्राच्या मदतीनं चढणं शिका, पॅडलच्या टोकाला हवेची पिशवी लावून एकट्यानं चढणंही शिका. कारण थकलेल्या माणसाचा रोल चुकतो, आणि मग याच गोष्टी कामाला येतात. रोल त्यानंतर.

माझं विचाराल तर उजव्या बाजूनं पूलमध्ये दहापैकी आठ वेळा जमतो. समुद्रात मुद्दाम उलटून पाच वेळा करून पाहिला, तीनदा वर आलो. डावीकडून अजून एकदाही नाही. आईला यातलं काहीच माहीत नाही, आणि ती हा पॉडकास्ट ऐकते. आई, लाइफ जॅकेट घातलेलं असतं गं. रविवारी फोन करतो, पूलवरून आल्यावर.