तिकडं चालत होता

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. त्यामुळं हलणारी बिऱ्हाडं इथूनच जातात आणि त्यातली बरीचशी इथंच उतरतात. मुंबईत माथाडी म्हणून, डबेवाले म्हणून आयुष्य काढलेली जुन्नर-आंबेगावची माणसं उतारवयात गावाकडं घर बांधतात. वाशीच्या बाजारात भाजी उतरवून रिकामा परतणारा टेम्पो त्यांचं सामान माळशेज घाटातून वर आणतो. गाद्या आणि कपाटाच्या फटीत संगणकही असतो. दोन दिवसांनी तो फाट्यावर आमच्या दुरुस्तीच्या दुकानात येतो आणि आणणारा म्हणतो, "दादा, तिकडं चालत होता. इथं आणला आन् चालूच होईना."

हे वाक्य मी वीसेक वर्षं ऐकतोय. त्यातून एक मत पक्कं झालंय. घर बदलल्यावर बंद पडलेला संगणक बहुधा मेलेला नसतो. वाटेत काहीतरी निसटलेलं असतं, नाहीतर नव्या घरातली वीजच त्याच्यापर्यंत पोचत नसते. तरीही संगणकाचे कितीतरी चांगले डबे भंगारात गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

२००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन निघालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत सुरू झाले. पोरांचा कोर्स झाला की घरात संगणक हवा, असा तो काळ. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग जोडून केलेली यंत्रं यायची. त्यांच्या एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीवर, मागं एक छोटं लाल बटण असायचं, एका बाजूला ११५ आणि दुसऱ्या बाजूला २३०. बांधाबांधीत दोरी घासून किंवा लहान मुलानं खेळताना ते ११५ वर सरकलं, तर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर प्लग लावताच आतून फाट् असा आवाज यायचा आणि जळका वास सुटायचा. घरचे म्हणायचे, कॉम्प्युटर जळाला. पण बहुतेक वेळा फक्त एसएमपीएस गेलेला असायचा. तो बदलला की बोर्ड, हार्ड डिस्क, त्यातले फोटो, सगळं जसंच्या तसं. पुढं आपोआप जुळवून घेणारे एसएमपीएस आले आणि ते लाल बटण दिसेनासं झालं.

२००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची. त्या वर्षांत तक्रार डब्याची आणि दोष घराचा, असं फार व्हायचं. शेतातल्या नव्या घराला लांबच्या खांबावरून बारीक वायर ओढलेली असायची. शेजारच्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की दाब इतका उतरायचा की एसएमपीएस उठायचाच नाही आणि मोटारी थांबल्या की तोच संगणक निमूट चालू व्हायचा. यूपीएसचंही तसंच. सामान हलवेपर्यंत तो दोन-चार महिने कोपऱ्यात पडून राहायचा, आतली बॅटरी चार्जिंगवाचून बसायची आणि लोक संगणकाला दोष द्यायचे. यूपीएस बाजूला करून थेट भिंतीतल्या प्लगवर लावून बघा, हे मी तेव्हापासून सांगत आलोय. अर्थिंगची गोष्ट तर अजूनही पूर्ण सुटलेली नाही. सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागं वायरच जोडलेली नसते. डब्याच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात आणि माणसं त्यालाही संगणकाचा आजार समजतात.

२००४ साली इंटेलचं ७७५ पिनांचं सॉकेट आलं आणि त्याच्याबरोबर प्रोसेसरवरचा पंखा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी बोर्डाला बसवायची पद्धत आली. माळशेजची वळणं, ओतूरपर्यंतचे खड्डे आणि टेम्पोत आडवातिडवा पडलेला डबा. यात त्यातली एखादी खुंटी हमखास निसटायची. पुढची काही वर्षं निम्म्या डब्यांत मी आधी तिथंच हात घालायचो. लक्षण ठरलेलं. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा गरगरायचा, आणि काही सेकंदांत सगळं बंद. प्रोसेसर तापला की जीव वाचवायला तो स्वतःच थांबतो. बोटानं हीटसिंक हलवून बघायचा. एक कोपरा उचलला गेला की कळायचं. जुनी वाळलेली पेस्ट पुसायची, वाटाण्याएवढी नवी लावायची, खुंट्या कोपऱ्याला कोपरा धरून एकेक टक् वाजेपर्यंत दाबायच्या. खर्च पेस्टच्या नळीचा. गिऱ्हाईक मात्र नवीन संगणकाचे पैसे खिशात घेऊन आलेलं असायचं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. मुंबईतली घरंच्या घरं गावी आली. येताना बरोबर संगणकही आले, कारण जूनपासून शाळा ऑनलाइन झाल्या आणि काहींच्या नोकऱ्याही. दुकान बंद, माणसानं माणसाकडं जायचं नाही. मग दुरुस्ती फोनवर. बेल्ह्याकडच्या एका वस्तीवरून दहावीतल्या मुलानं व्हिडिओ कॉल लावला. दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही. त्याच्या आईला म्हटलं, "मावशी, त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा." चार्जरही चालेना. घर नुकतंच रंगवलेलं, सॉकेटच्या भोकांत रंग आणि सिमेंटची कपची बसलेली. स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर डबा नेला आणि पंखा फिरला, पण पडदा काळा. आता मागून बघता उजव्या हाताचा पत्रा काढायचा होता. प्लग काढून, बटण अर्धा मिनिट दाबून ठेवायला सांगितलं, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज निघून जाते. मग रॅमची पट्टी काढली, सोनेरी कडा खोडरबरानं घासली आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप मिटेपर्यंत परत दाबली. पडद्यावर तारीख चुकल्याची ओळ आली. घड्याळाची ती बटणाएवढी बॅटरी संपली होती, एवढंच. एफवन दाबून गाडी पुढं गेली. त्या महिन्यांत असे किती डबे फोनवरच सुरू झाले असतील! त्या पोरांनी दुरुस्ती स्वतःच्या हातांनी केली, मी फक्त बोलत होतो.

अलीकडं तक्रारी कमी झाल्यात. लॅपटॉप वाढले, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आल्या, त्यांना हादऱ्याची भीती नाही. मात्र पोरांच्या गेमिंगच्या डब्यांत किलोभराचं ग्राफिक्स कार्ड लोंबतं, ते वाटेत स्लॉटमधून उचकटतं. आणि सामान लावताना मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या तोंडात घातली जाते. पडदा काळाच राहतो.

तेव्हा घर हलवणाऱ्यांना माझी विनंती आहे. वायरी काढण्याआधी डब्याच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. जड कार्ड असेल तर काढून वेगळं गुंडाळा. डबा बोर्ड खाली येईल असा आडवा, गादीवर ठेवा. त्यावर काही रचू नका. घाटात पाऊस लागला असेल तर एक दिवस कोरड्या खोलीत उघडा राहू द्या, लगेच प्लग लावू नका. चालू झाला नाही तर आधी सॉकेट तपासा, मग मागचं चालू-बंदचं छोटं बटण, मग केबल, मग रॅम. एसएमपीएसचा पत्रा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा दाब राहतो. एवढं करूनही चालू नाही झाला, तर दुरुस्तीवाल्याकडं न्या. भंगारवाल्याला त्याच्यानंतर बोलवा.