लाथ मारणाऱ्या घोड्याची खोळ

पुण्या-मुंबईच्या रायडिंग स्कूलमध्ये मुलं ज्या घोड्यांवर बसायला शिकतात, त्यांतले बरेच शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात आणि त्यांतल्या नरांपैकी पुष्कळ खच्ची केलेले असतात. अशा घोड्याला रोज खरारा होतो, खूर साफ होतात, आयाळ विंचरली जाते. मागच्या पायांच्या मधे, लिंगावरच्या कातडीच्या खोळीकडे मात्र कुणी वळत नाही. थोडी लाज असते आणि लाजेपेक्षा लाथेची भीती जास्त. महिनोन् महिने मळ साठत राहतो. मग एक दिवस वास येतो किंवा सूज दिसते, तेव्हा चार माणसं घोडा जखडून धरतात आणि साबण लावून आतून घासून काढतात. दुर्लक्षानं घोड्याचं नुकसान होतं हे खरं, पण या जबरदस्तीनं अधिक होतं, असं माझं मत आहे.

घोड्याची खोळ साधी नसते. लिंग पूर्ण बाहेर येताना लांबी पुरावी म्हणून आत कातडीची आणखी एक घडी असते. या घड्यांमध्ये तेलकट स्राव, झडलेल्या पेशी, धूळ आणि गवताचं कूस एकत्र होऊन मळ तयार होतो. तो कधी करडा आणि पापुद्र्यांसारखा असतो, तर कधी काळा आणि चिकट. खच्ची न केलेल्या घोड्याचं लिंग वारंवार पूर्ण बाहेर येतं, त्यामुळे बराच मळ आपोआप गळून पडतो. खच्ची केल्यावर ते प्रमाण घटतं. काही घोडे लघवीलाही लिंग पुरतं बाहेर काढत नाहीत, खोळीतच मुततात आणि मळ आत भिजत राहतो. लिंगाच्या टोकाशी, मूत्रमार्गाच्या तोंडाभोवती एक खळगा असतो. तिथे हाच मळ दाबला जाऊन घेवड्याच्या दाण्याएवढा, कधी त्याहून मोठा खडा होतो. खड्यानं लघवी पूर्ण अडल्याची उदाहरणं फार थोडी आहेत, पण मोठा खडा टोचतो आणि लघवीची धार फाकते.

तरीही आत दिसणारा सगळाच मळ घाण नसतो. त्याचा पातळ थर कातडीला मऊ ठेवतो आणि तिथे निरुपद्रवी जंतूंची वस्ती असते. जंतुनाशक साबणानं किंवा आयोडीनच्या द्रावणानं पुन्हा पुन्हा धुतलं की ही वस्ती उद्ध्वस्त होते आणि रिकाम्या जागेत स्यूडोमोनास, क्लेब्सिएला असे त्रासदायक जंतू शिरतात. पैदाशीसाठी ठेवलेल्या घोड्यांमध्ये हे ठळकपणे आढळलं आहे. म्हणून दर आठवड्याला धुण्याचा उत्साह नको. नजर रोज असावी, हात महिन्याकाठी लावावा. पूर्ण सफाई वर्षातून एक-दोनदा बहुतेक घोड्यांना पुरते, आणि ज्याला मळ कमी होतो त्याला तेवढीही लागत नाही.

आता प्रश्न हात लावू न देणाऱ्या घोड्याचा. त्याला खोडकर किंवा द्वाड म्हणण्यापूर्वी दोन गोष्टी तपासायला हव्यात. त्याला तिथे दुखतंय का? खडा, गोचीड, माशांच्या चाव्यानं झालेली जखम, यांतलं काहीही असेल तर पाय उचलणं हीच त्याची तक्रार असते. दुसरं म्हणजे, पूर्वी त्याला तिथे जबरदस्तीनं धरलं होतं का? घोडा असा अनुभव वर्षानुवर्षं विसरत नाही. वरच्या ओठाला दोरीचा पीळ घालून एकदा काम उरकता येतं, पण पुढच्या वेळी तोच घोडा बादली दिसताच पाय झाडतो.

त्याला सवय लावायची तर आधी पाणी आणि साबण विसरावं. खरारा झाल्यावर घोडा सैलावलेला असतो, ती वेळ बरी. घोडा घट्ट बांधू नये. डोक्याशी उभा राहणारा मोतद्दार त्याच बाजूला हवा, ज्या बाजूला आपण आहोत. म्हणजे घोडा बिथरला तर त्याचं तोंड आपल्याकडे वळवता येतं आणि मागचा भाग आपल्यापासून दूर जातो. आपण मागच्या पायाजवळ नाही, तर बरगड्यांशी, अंगाला चिकटून, शेपटीकडे तोंड करून उभं राहावं. एक हात त्याच्या पाठीवर ठेवावा, त्याचं अंग आवळलं की लगेच कळतं. घोडा मागचा पाय पुढे आणि बाजूलाही फेकतो, त्यामुळे हातभर अंतरावर उभं राहणं सुरक्षित वाटलं तरी तिथेच लाथेचा पूर्ण जोर बसतो. खाली बसू नये, गुडघे टेकू नयेत.

मग पोटावरून हात सरकवत न्यायचा. घोडा जिथे श्वास रोखतो किंवा कान मागे टाकतो, तिथे हात थांबवायचा, पण काढायचा नाही. तो सैल झाला, त्यानं ओठ चाटले, मान खाली टाकली, की लगेच हात मागे घ्यायचा आणि गाजराचा तुकडा द्यायचा. शांत उभं राहिलं की हात निघतो, हे त्याला कळायला हवं. लाथ उगारल्यावर हात काढला तर तो नेमका उलटा धडा शिकतो. म्हणून पाय उचलण्याची वेळच येऊ न देता, त्याच्या आधी थांबणं हे यातलं खरं कसब. फारच बिथरणाऱ्या घोड्यासाठी लांब काठीच्या टोकाला मऊ स्पंज बांधून सुरुवात करावी. रोजची पाच मिनिटं पुरतात. काही घोडे आठवड्यात ऐकतात, काहींना महिने लागतात आणि त्यात घाई केली की गाडं मागे जातं.

हात सहज जाऊ लागला की सफाई सोपी आहे. नखं कापलेली असावीत, हातात पातळ मोजे असावेत. आदल्या दिवशी आत थोडं खनिज तेल लावलं तर वाळलेला मळ सुटतो. दुसऱ्या दिवशी कोमट पाणी आणि मऊ कापूस. मळ ओरबाडायचा नाही. सुटेल तेवढाच काढायचा. टोकाचा खळगा बोटानं हलकेच चाचपावा. खडा मऊ असेल तर घरंगळत बाहेर येतो, घट्ट असेल तर तो डॉक्टरांसाठी ठेवावा. भांडी घासायचा साबण कधीही वापरू नये. सौम्य साबण वापरलाच, तर तो पूर्ण निघेपर्यंत पाणी सोडत राहावं, कारण घडीत राहिलेला साबण मळापेक्षा जास्त जळजळ करतो.

ज्याला कधीच जमणार नाही अशा घोड्यासाठी पशुवैद्यकाचं इंजेक्शन हा कमीपणा नव्हे. झायलाझिन किंवा डेटोमिडीननं घोडा पेंगतो आणि लिंगही सैल होऊन बाहेर येतं. दात कानशीनं घासण्यासाठी डॉक्टर वर्षातून एकदा गुंगी देतच असतील, तर त्याच वेळी हे काम करून घ्यावं. पेंगलेला घोडाही अचानक लाथ मारू शकतो, म्हणून उभं राहण्याचे नियम तेच. कुणी दिलेलं अ‍ॅसिप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध स्वतःच्या हातानं मात्र देऊ नये. त्यानं क्वचित लिंग बाहेरच लटकून राहतं, परत आत जात नाही आणि सुजून कायमचं निकामी होऊ शकतं. हा धोका खच्ची न केलेल्या घोड्यात जास्त, पण खच्ची घोडाही त्यातून पूर्ण सुटत नाही.

काही खुणा मात्र सफाईनं मिटत नाहीत. दिवसभर ठाणावर उभ्या राहिलेल्या घोड्याची खोळ सुजते, दाबली तर बोटाचा खळगा राहतो, दुखत नाही आणि फिरवलं की उतरते. गरम, दुखरी किंवा फिरवूनही न उतरणारी सूज डॉक्टरांना दाखवावी. घोडा पाय ताणून लघवीच्या पवित्र्यात उभा राहतो आणि लघवी होत नाही, तेव्हा लोक खड्याला दोष देतात. पण अनेकदा तो पोटशूळ असतो आणि तिथे उशीर जिवावर बेततो. पावसाळ्यात लिंगावर किंवा खोळीच्या काठावर न भरणारी, पिवळट कण असलेली जखम दिसली तर ती बरसाती असू शकते. घोड्याच्या जठरातल्या कृमींची अंडी आणि अळ्या लिदीतून बाहेर पडतात. त्या लिदीत वाढणाऱ्या माशांच्या अंगात त्या अळ्या शिरतात आणि माशी ओलसर कातडीवर बसली की तिथे उतरतात. लिद रोज दूर हलवणं आणि आयव्हरमेक्टिनचा डोस वेळेवर देणं हाच त्यावरचा प्रतिबंध.

सगळ्यात जास्त लक्ष हवं ते गुलाबी कातडीच्या, वय झालेल्या घोड्याकडे. या जागी होणारा कातडीचा कर्करोग अशा रंगहीन कातडीवर अधिक आढळतो आणि घोड्यांमधल्या एका पॅपिलोमा विषाणूशी त्याचा संबंध दिसून आला आहे. सुरुवातीला तो चामखिळीसारखा किंवा बरा न होणाऱ्या ओरखड्यासारखा दिसतो आणि लवकर सापडला तर तेवढाच भाग काढून घोडा वाचतो. अशा घोड्याचं लिंग बाहेर आलेलं दिसलं की दर महिन्याला मोबाइलवर, एकाच बाजूनं आणि एकाच अंतरावरून फोटो काढून ठेवावा. एखादी गाठ वाढतेय की तशीच आहे, हे डॉक्टरांना त्या फोटोंवरून लगेच सांगता येतं.