पतित देवदूत सध्या कुठे आहेत?

आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी काम पुरं झालं. सैतान नरकात राज्य करतो हा समज त्यात कुठेच सापडत नाही!

पेत्राचं दुसरं पत्र (२:४) आणि यहूदाचं पत्र म्हणतात, पाप केलेले काही देवदूत न्यायाच्या दिवसापर्यंत अंधारात बंदिस्त आहेत. सैतान मात्र ईयोबाच्या पुस्तकात पृथ्वीवर मोकळा हिंडतो.

सगळ्यात थरारक लूक ८. एका माणसात शिरलेली भुतं येशूपुढे गयावया करतात, अगाधकूपात, म्हणजे अथांग गर्तेत, धाडू नकोस म्हणून! मग डुकरांत शिरतात आणि अख्खा कळप कड्यावरून थेट सरोवरात. भुतांनाही त्या जागेची केवढी धास्ती!

सैतानाची अग्निसरोवराची शिक्षा अजून पुढे आहे: प्रकटीकरण २०:१० जरूर वाचा.