डॉक्टरांची आरोग्य-नोंद

परभणीस २०२३ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. समजा, तेथें बदलून आलेल्या डॉक्टराच्या बोटास रुग्णाला वापरलेली सुई टोंचली. कावीळ ‘ब’च्या लशीच्या तिन्ही मात्रा त्यानें पूर्वींच घेतल्या आहेत, पण ती अंगीं लागली कीं नाहीं, हें सांगणारा रक्ततपासणीचा कागद मागल्या गांवीं राहिला! प्रतिद्रव्य दर मिलिलिटरास १० मिलि-एकक भरल्याची नोंद असती, तर या काविळीपुरता उपचार लागता ना. आतां पुन्हां तपासणी. आणि इम्युनोग्लोब्युलिन द्यावयाचें, तर शक्यतों २४ तासांच्या आंत.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनाच्या (२०२१) विद्युत्-नोंदवहींत डॉक्टराची पदवी व नोंदणी सांपडते. सेवापुस्तक व लशीची नोंदही अशीच त्याच्यासवें फिरावी. मात्र कचेरीस ‘कामास योग्य’ एवढाच निर्णय दिसावा. रक्ताचा अहवाल त्याच्या संमतीवांचून उघडूं नये.