संगणकाची झाडलोट : हित आणि धोका

चंडीगढ नगराची विभागणी ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यानुसार क्रमांकित सेक्टरांत झाली. या क्रमात १३ हा आकडा दीर्घकाळ नव्हता. २०२० मध्ये तो मनीमाजरा या वस्तीस देण्यात आला. समजा, त्यापूर्वी एखाद्या यंत्राने ही ‘चूक’ सुधारण्यासाठी १४ चे १३ आणि १५ चे १४ केले असते, तर नगराची नोंदवही नीटनेटकी दिसली असती. टपाल मात्र भलत्याच घरी पोहोचले असते.

संगणकाची चुंबकीय चकतीही सेक्टरांत विभागलेली असते, आणि तिच्या सफाईतही हेच तारतम्य लागते. काम चालू असताना प्रणाली व प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइली निर्माण करतात. काम संपल्यावरही त्यांपैकी कित्येक पडून राहतात. चकती भरत आली असता त्या काढून टाकणे हितावह होय, कारण प्रणालीला स्वतःच्या कामासाठीही मोकळी जागा लागते. याचे साधन विंडोजमध्येच असते.

रजिस्ट्रीची गोष्ट निराळी. ती विंडोजची नोंदवही आहे. कोणता प्रोग्रॅम कोठे आहे व तो कसा चालावा, हे तीत नमूद असते. निरुपयोगी नोंदी फारच थोडी जागा व्यापतात. त्या पुसल्याने संगणकाचा वेग सहसा वाढत नाही. उलट एखादी आवश्यक नोंद पुसली गेली, तर प्रोग्रॅम किंवा प्रसंगी सारी प्रणालीच बंद पडते. म्हणूनच मायक्रोसॉफ्ट रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांस पाठिंबा देत नाही.

दुसरा धोका विश्वासाचा. झाडणाऱ्याच्या हाती सर्व खोल्यांच्या किल्ल्या द्याव्या लागतात. सीक्लीनर या लोकप्रिय साधनाच्या ऑगस्ट २०१७ मधील एका आवृत्तीत हल्लेखोरांनी निर्मात्यांच्या नकळत घातक प्रोग्रॅम घुसवला होता. ती आवृत्ती सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोहोचली. तिच्यावर निर्मात्यांचीच अधिकृत सही असल्याने वापरणाऱ्यांस संशय येण्याचे कारण नव्हते.

घातक प्रोग्रॅम शिरल्यावर मात्र सफाई अपरिहार्य ठरते. त्यासाठी भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तेथून अशी साधने विनामूल्य मिळतात.

शाळेच्या संगणकात गुणपत्रके असतात, ग्रंथालयाच्या संगणकात ग्रंथसूची. म्हणून सफाईपूर्वी त्यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी; प्रणालीतील साधन प्रथम वापरावे; ‘शेकडो दोष सापडले’ अशी भीती घालणाऱ्या अनोळखी साधनास दूर ठेवावे. कचरा कोणता, हे ओळखल्यावरच झाडू हाती घ्यावा.